नळी जागेवर होती

२१ एप्रिल २०२१ रोजी दुपारी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली आणि २२ रुग्ण दगावले. शेवट सगळ्यांना ठाऊक आहे. तरी हा घटनाक्रम मी रुग्णालयाच्या आवारातून सुरू न करता भूलतज्ज्ञाच्या टेबलापासून सुरू करतो आहे. श्वास बंद पडल्यावर माणसाच्या हाताशी किती मिनिटे उरतात, याचा काटेकोर हिशेब त्या टेबलावर मांडला जातो.

१९८५

मूळचे आंध्रचे आणि बोस्टनमध्ये काम करणारे भूलतज्ज्ञ डॉ. शेषगिरी राव मल्लमपाटी यांनी एक साधी तपासणी प्रसिद्ध केली. रुग्णाला समोर बसवायचे, तोंड पूर्ण उघडायला सांगायचे, जीभ बाहेर काढायला लावायची. पडजीभ आणि टाळूच्या कमानी किती दिसतात त्यावरून श्वासनळीत नळी घालणे सोपे जाईल की अवघड, याचा अंदाज बांधायचा. आज नाशिकमध्ये हर्नियाच्या ऑपरेशनला आलेल्या माणसालाही आदल्या दिवशी हेच करायला सांगतात. त्यासोबत पाटील चाचणी असते. मान मागे टाकल्यावर हनुवटी ते कंठमणी हे अंतर साडेसहा सेंटिमीटर भरते का, ते बघतात. तोंडात तीन बोटे उभी मावतात का, मान किती वळते, दात हलतात का, हेही पाहतात.

अंदाज तो अंदाजच. २०१५ मध्ये डेन्मार्कमधल्या १,८८,०६४ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. नळी घालणे ३,३९१ जणांत अवघड गेले होते. त्यांतल्या ९३ टक्के रुग्णांबाबत आधी कोणाला शंकाही आली नव्हती.

२९ मार्च २००५, सकाळी ८:३५

इंग्लंडमधल्या बकिंगहॅमशायरचे एक खासगी रुग्णालय. ३७ वर्षांच्या एलेन ब्रॉमिली यांना सायनसच्या ऑपरेशनसाठी भूल दिली जाते. दोन लहान मुलांची आई, प्रकृती उत्तम. मानेचे काही मणके जन्मापासून जुळलेले आहेत. ते कागदावर नोंदलेले आहे, पण गंभीर मानलेले नाही. भूलतज्ज्ञाला १६ वर्षांचा अनुभव आहे, सर्जनला ३० वर्षांहून अधिक. घशात लॅरिंजिअल मास्क बसवण्याचा प्रयत्न होतो. तो बसत नाही. दुसऱ्या मापाचा घेतात. तोही बसत नाही.

८:३७

ओठ निळे. सॅच्युरेशन ७५ टक्के.

८:३९

४० टक्के. चेहऱ्यावर मास्क दाबून ऑक्सिजन देणेही जवळजवळ अशक्य झाले आहे.

धडधाकट माणसाच्या फुप्फुसात श्वास सोडल्यावरही सुमारे अडीच लिटर हवा शिल्लक राहते. शरीर मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर ऑक्सिजन खर्च करते. भूल देण्याआधी काही मिनिटे मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला, तर ही शिल्लक ऑक्सिजनने भरते आणि श्वास थांबल्यावर सुमारे आठ मिनिटे हाताशी राहतात. साध्या हवेवर असताना श्वास थांबला, तर मिनिट-दीड मिनिट. मेंदूला ऑक्सिजन अजिबात मिळाला नाही, तर चार-पाच मिनिटांत इजा सुरू होते. भूलशास्त्रातली बहुतेक शिस्त या तीन आकड्यांवर उभी आहे.

८:४५

दुसरे भूलतज्ज्ञ मदतीला आले आहेत, सर्जनही खोलीत आहे. एका लॅरिंगोस्कोपनंतर दुसरा. स्वरयंत्र दिसत नाही. नळी जात नाही, मास्कनेही श्वास देता येत नाही. अशा वेळी गळ्याच्या पुढच्या बाजूने छेद देऊन थेट श्वासनळीत शिरायचे, असे ब्रिटनच्या २००४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलेले होते. एक परिचारिका ट्रेकिऑस्टॉमीचा संच घेऊन येते आणि तो तयार असल्याचे सांगते. दुसरी आयसीयूला फोन करून बेड सांगून ठेवते. डॉक्टरांच्या चेहऱ्यांवरून तिला वाटते की आपण उगाच घाई केली. ती बेड रद्द करते.

डॉक्टर नळी घालण्याचा प्रयत्न करत राहतात.

९:१०

ऑपरेशन सोडून द्यायचे आणि रुग्णाला शुद्धीवर येऊ द्यायचे, असे ठरते. सॅच्युरेशन ४० च्या आसपास किंवा त्याखाली राहिलेला काळ सुमारे २० मिनिटांचा आहे. त्या शुद्धीवर येत नाहीत. ११ एप्रिलला त्यांचे निधन होते.

पती मार्टिन ब्रॉमिली वैमानिक. विमान पडले की त्याची स्वतंत्र चौकशी होते, तशी इथे का होत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. चौकशी झाली, अहवाल आला, त्यातला मिनिटामिनिटाचा तपशील त्यांनी जगासमोर ठेवला. २००७ मध्ये त्यांनी क्लिनिकल ह्यूमन फॅक्टर्स ग्रुप स्थापन केला. त्या सकाळी भिंतीतल्या वाहिनीतून हवा तेवढा ऑक्सिजन येत होता. अडथळा भिंत आणि फुप्फुस यांच्यामधल्या शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये होता. पुढच्या काळात जगभरच्या भूलतज्ज्ञांनी याच टप्प्यासाठी मेहनत घेतली. योजना अ, फसली तर ब, मग क, मग ड.

डिसेंबर २०१६

ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनची मार्गदर्शक तत्त्वे इंडियन जर्नल ऑफ अ‍ॅनेस्थेशियामध्ये छापून येतात. नळी घालण्याचे प्रयत्न मोजूनमापून करायचे, सॅच्युरेशन ९५ च्या खाली जाऊ द्यायचे नाही. प्रयत्न सुरू असताना नाकातून ऑक्सिजन वाहता ठेवायचा, मिनिटाला १५ लिटर. मदत लवकर बोलवायची. सगळे फसले तर गळ्याला छेद.

या तत्त्वांत भिंतीतून ऑक्सिजन येतो आहे हे गृहीत आहे. गृहीत धरणे चूकही नाही, कारण ऑपरेशन थिएटरमध्ये तो न आल्याची तयारी यंत्रातच असते. भूल देण्याच्या यंत्राला मागे स्वतःचे छोटे सिलिंडर जोडलेले असतात. सकाळी पहिल्या रुग्णाआधी भूलतज्ज्ञ ते उघडून दाब बघतो, बंद करतो, हाताने दाबून श्वास देण्याची अंबू बॅग जवळ ठेवतो. भिंतीवर विश्वास ठेवायचा नाही, हे या शाखेने केव्हाच शिकून घेतले आहे. वॉर्डातल्या आणि आयसीयूतल्या खाटेला बहुधा असा सिलिंडर जोडलेला नसतो. तिथे रुग्ण पूर्णपणे भिंतीच्या हवाली असतो.

२०२०

कोविड येतो आणि अवघड श्वासमार्गाची व्याख्या बदलते. रुग्णाचे तोंड नीट उघडते, मान वळते, पडजीभ स्वच्छ दिसते. मल्लमपाटी तपासणीत पहिला, म्हणजे सर्वांत सोपा वर्ग. अवघड असते ते फुप्फुस. अडीच लिटरची शिल्लक सूज आणि पाण्याने आक्रसलेली, तापाने ऑक्सिजनचा खर्च वाढलेला. श्वास थांबवताच काहींचे सॅच्युरेशन मिनिटाच्या आत ऐंशीखाली घसरते. आठ मिनिटांचा हिशेब इथे लागू पडत नाही. म्हणून नियम होतो की नळी सर्वांत अनुभवी माणसाने घालायची, पहिल्याच प्रयत्नात घालायची. पीपीई किटमध्ये, वाफेने धुरकटलेल्या चष्म्यातून. महाराष्ट्रातल्या भूलतज्ज्ञांनी त्या वर्षी हे काम किती वेळा केले, याचे पुरेसे कौतुक झाले असे मला वाटत नाही.

९ जानेवारी २०२१, मध्यरात्रीनंतर

भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग. १० बालके दगावतात. राज्यातल्या रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासण्याचे आदेश निघतात. वायरिंग, अग्निशामक नळकांडी, बाहेर पडायचे दरवाजे, हे सगळे तपासणीच्या यादीत येते. ऑक्सिजनच्या वाटेचा प्रश्न निराळा, तो या यादीत बसणारा नव्हता. शिवाय नाशिकच्या त्या आवारात मोठी टाकी तेव्हा आलेलीच नव्हती.

३० मार्च

दुसरी लाट. राज्यात तयार होणाऱ्या ऑक्सिजनपैकी ८० टक्के वैद्यकीय वापरासाठी द्यावा, असा आदेश महाराष्ट्र सरकार काढते. प्रश्न किती ऑक्सिजन आहे, हा आहे. पुढचे तीन आठवडे मंत्रालयापासून जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत सगळे तेवढेच मोजत राहतील. टँकर किती, टन किती, तास किती.

३१ मार्च

महापालिकेच्या झाकीर हुसेन कोविड रुग्णालयात द्रवरूप ऑक्सिजनची नवी टाकी बसते. क्षमता १३ किलोलिटर. देखभाल खासगी कंपनीकडे.

द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशांना उकळतो. एका लिटरचा वायू झाला की साधारण ८६० लिटर होतो. म्हणजे ही टाकी काठोकाठ भरली तर तिच्यात एक कोटी दहा लाख लिटरहून अधिक ऑक्सिजन मावतो, सात हजार लिटरच्या जवळजवळ १,६०० जम्बो सिलिंडरांइतका. १,६०० सिलिंडर भरून आणणे, उतरवणे, जोडणे, रिकामे परत पाठवणे, ही सगळी धावपळ एका टाकीने वाचते. टाकी बसवण्याचा निर्णय बरोबरच होता.

त्यात एक गोष्ट मात्र नकळत घडते. सिलिंडर पन्नास असले तर बिघाडही पन्नास ठिकाणी विखुरतो. टाकी आली की तो एका व्हॉल्व्हपाशी गोळा होतो. म्हणूनच रुग्णालयाच्या वायुवाहिनीची आंतरराष्ट्रीय मानके तीन स्रोत सांगतात. मुख्य, दुय्यम आणि राखीव. एक पडला की वॉर्डातल्या कोणाला कळण्याआधी दुसरा चालू झाला पाहिजे.

१४ एप्रिल, रात्री ८

राज्यात कडक निर्बंध. संचारबंदी, दुकाने बंद, देवळे त्याआधीच बंद. नाशिकमध्ये बेड, रेमडेसिविर आणि ऑक्सिजन यांसाठी नातेवाईक एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरत आहेत. ज्याला झाकीर हुसेनमध्ये ऑक्सिजनचा बेड मिळाला, त्याच्या घरचे सुटकेचा श्वास टाकतात.

२१ एप्रिल, बुधवार, सकाळ

रामनवमी. पंचवटीत काळाराम मंदिराचे दरवाजे भाविकांना बंद, सलग दुसऱ्या वर्षी.

गोदावरीच्या अलीकडे जुन्या नाशकात, कथडा भागातल्या झाकीर हुसेन रुग्णालयात सुमारे १५० रुग्ण. सरकारने त्या दिवशी दिलेल्या माहितीनुसार २३ व्हेंटिलेटरवर, बाकीचे बहुतेक ऑक्सिजनवर. साध्या मास्कवरच्या रुग्णाला मिनिटाला पाच-सहा लिटर पुरतात. पिशवी लावलेल्या मास्कला १५ लागतात, नाकातून जोरदार प्रवाह देणाऱ्या यंत्राला ६० पर्यंत. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या बाबतीत पूर्वीच्या साऱ्या परीक्षा पार पडलेल्या असतात. अनुभवी हातांनी नळी घातलेली असते, फुगा फुगवलेला असतो, दोन्ही बाजूंना हवा जाते आहे हे ऐकून झालेले असते, ओठाशी नळी किती सेंटिमीटरवर आहे त्याची नोंद असते, चिकटपट्टी लावलेली असते. घशाच्या बाजूने आता काही बिघडण्यासारखे उरलेले नसते.

दुपारी १२:३०च्या सुमारास

टाकी भरण्यासाठी टँकर आवारात आला आहे. त्याच वेळी टाकीच्या जोडणीपाशी गळती सुरू होते.

ऑक्सिजन डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो पांढरा ढग, उणे १८३ अंशांच्या द्रवाने आसपासच्या हवेतली वाफ गोठवून केलेला. एप्रिलच्या दुपारी आवार धुक्याने भरते. ढगात शिरून व्हॉल्व्हपर्यंत पोहोचायचे तर दोन अडचणी असतात. अंगावर उडालेला थेंब कातडी जाळतो आणि पावले कुठे पडताहेत ते दिसत नाही. अग्निशमन दलाला बोलावतात. जवान पाण्याचे फवारे मारत टाकीजवळ जातात.

टाकीतून वॉर्डाकडे जाणाऱ्या वाहिनीतला दाब घसरतो.

पहिले मिनिट

वाहिनीतला दाब पडला की व्हेंटिलेटर गजर देतो. एका खाटेवर गजर झाला तर डॉक्टर त्या रुग्णाकडे धावतो, नळी निसटली का, कफ अडकला का, ते बघतो. सगळीकडे एकदम गजर झाले, तर कोणाकडे धावायचे?

पुढचे नीट समजून घ्यायला हवे. बरेचसे आधुनिक व्हेंटिलेटर स्वतःच्या पंख्याने हवा ओढतात. ऑक्सिजन बंद झाला तरी ते थांबत नाहीत. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या आकाराचा श्वास देत राहतात. छाती वर येते, खाली जाते. बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची रेघ पडद्यावर नीट उमटते. नळी बरोबर जागी आहे याचा सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणून भूलतज्ज्ञ ज्या रेघेकडे बघतात, तीच ही रेघ. फक्त श्वासातल्या ऑक्सिजनचे प्रमाण ८०-९० टक्क्यांवरून खोलीतल्या हवेइतके, २१ टक्क्यांवर येते. कोविडने ग्रासलेल्या फुप्फुसाला २१ टक्के पुरत नाहीत. अंबू बॅग काढून हाताने दाबली, तरी तिच्यात तीच हवा असते.

मल्लमपाटी, पाटील चाचणी, योजना अ ते ड, गळ्याचा छेद. यांतले काही इथे उपयोगाचे नाही.

पुढची मिनिटे

रुग्णाला भिंतीवरून सिलिंडरवर घ्यायचे, तर जम्बो सिलिंडर खाटेपर्यंत आणावा लागतो. त्याचे वजन पन्नास किलोंहून अधिक. रेग्युलेटर बसवायचा, चावीने आवळायचा, नळी जोडायची, प्रवाह बघायचा. सराईत हातांना एका रुग्णामागे तीन मिनिटे लागतात असे धरू, आणि सिलिंडर दाराशी उभे आहेत असेही धरू. एकाच चमूने २३ रुग्ण करायचे, तर शेवटच्या रुग्णाची पाळी तासाभराने येते. व्हेंटिलेटरबाहेरचे शंभराहून अधिक रुग्ण या हिशेबात नाहीत.

प्रत्यक्षात सिलिंडर जमवावे लागले. डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय आणि नातेवाईक ते ओढत होते. मरण पावलेल्याच्या खाटेजवळचा सिलिंडर उचलून आपल्या माणसाच्या उशाशी लावावा लागला, असे नातेवाइकांनी त्या दिवशी पत्रकारांना सांगितले. यावर मत देण्याचा अधिकार त्या वॉर्डात नसलेल्या कोणाला आहे असे मला वाटत नाही.

सुमारे अर्धा तास

गळती आटोक्यात येते. पुरवठा साधारण अर्धा तास विस्कळीत होता, असे प्रशासन सांगते. सरकारी कामकाजात अर्धा तास म्हणजे फारसा वेळ नव्हे. बकिंगहॅमशायरमध्ये धडधाकट फुप्फुसांच्या बाईला २० मिनिटे पुरली होती.

टाकीत ऑक्सिजन होता. टँकरमध्येही होता. तीन आठवडे राज्य जे मोजत होते, ते त्या आवारात पुरेसे होते.

दुपारनंतर

पहिला सरकारी आकडा ११. मग जिल्हाधिकारी सूरज मांढरे २२ रुग्णांचा मृत्यू झाल्याचे सांगतात. व्हॉल्व्हमधली गळती आणि विस्कळीत पुरवठा यांचा मृत्यूंशी संबंध असू शकतो, असे आरोग्यमंत्री राजेश टोपे म्हणतात. आवारात नातेवाईक आहेत. सकाळी डबा देऊन गेलेले, वरच्या मजल्यावरून खुणेने बोललेले.

संध्याकाळ

मृतांच्या वारसांना राज्य सरकारकडून प्रत्येकी पाच लाख रुपये जाहीर होतात. विभागीय आयुक्त राधाकृष्ण गमे यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची चौकशी समिती नेमली जाते. भद्रकाली पोलीस ठाण्यात निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याचा गुन्हा, कलम ३०४ अ, अज्ञातांविरुद्ध नोंदवला जातो. राज्यात उद्या रात्री आठपासून आणखी कडक निर्बंध लागणार, याचा आदेशही त्याच दिवशी निघतो.

२२ एप्रिल, गुरुवार

मुंबई उच्च न्यायालय नाशिकच्या घटनेबद्दल राज्य सरकारकडून स्पष्टीकरण मागते. राज्यातल्या इतर रुग्णालयांतल्या ऑक्सिजन टाक्या तपासण्याची चर्चा सुरू होते. आता यादीत व्हॉल्व्ह आहेत, जोडण्या आहेत, टाकीपाशी चोवीस तास जाणकार माणूस हवा असे आहे.

२३ एप्रिल, शुक्रवार, पहाटे ३च्या सुमारास

विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागते. १५ रुग्णांचा मृत्यू होतो.